लिओनार्दोचे ‘व्हर्जिन ऑफ द रॉक्स’ दोनदा का रंगवले गेले?

प्रश्न असा: लिओनार्दो दा विंचीने गुहेत बसलेल्या मारियेचे चित्र दोनदा का रंगवले, त्यातले अस्सल कोणते, आणि दोन्हींतल्या फरकांमागे चर्चपासून लपवलेला काही संदेश आहे का?

आधी थोडक्यात. दोन चित्रे होण्यामागे सर्वांत सबळ कारण दिसते ते मोबदल्याच्या वादाचे. दोन्ही चित्रे लिओनार्दोचीच, मात्र लंडनच्या चित्रात सहायकांचाही हात आहे. गुप्त संदेशाला उपलब्ध कागदपत्रांत कसलाच आधार नाही. गूढ म्हणावे असे या चित्रांत पुष्कळ आहे, पण ते सहसा चर्चेत येतच नाही. ते रंगाच्या थराखाली आहे आणि १४९० च्या दशकातल्या काही वर्षांत आहे.

पहिले चित्र पॅरिसच्या लूव्ह्र संग्रहालयात आहे, १९९ × १२२ सेंटिमीटर. दुसरे लंडनच्या नॅशनल गॅलरीत, १८९.५ × १२० सेंटिमीटर. मांडणी एकच: मध्ये मारिया, तिच्या उजव्या हाताच्या आधाराने गुडघे टेकून हात जोडणारा बाळ योहान, म्हणजे पुढे येशूला बाप्तिस्मा देणारा. दुसऱ्या बाजूला देवदूताजवळ बसून दोन बोटे उंचावून आशीर्वाद देणारा बाळ येशू. चित्र कोणते हे झटकन ओळखायचे तर देवदूताकडे पाहावे. पॅरिसच्या चित्रात त्याचा झगा लाल आहे, तो थेट आपल्याकडे पाहतो आणि एक बोट योहानाकडे रोखतो. लंडनच्या चित्रात बोटही नाही, आपल्याकडची नजरही नाही. डोक्यांमागची सोनेरी वलये आणि योहानाच्या खांद्यावरचा बोरूचा क्रूस फक्त लंडनच्या चित्रात आहेत, पण तेही बहुधा नंतर कोणीतरी चढवलेले. म्हणून वलयांवरून लिओनार्दोच्या मनाचा अंदाज बांधू नये. लंडनची फलकपट्टी किंचित लहान असूनही त्यातल्या आकृती चौकट अधिक भरतात, हेही दोन्ही चित्रांचे फोटो शेजारी ठेवल्यावर लगेच जाणवते.

आता करार. २५ एप्रिल १४८३ रोजी मिलानमध्ये ‘निष्कलंक गर्भसंभव’ या नावाने चालणाऱ्या बंधुमंडळाने तिघांशी करार केला: लिओनार्दो, आणि एव्हांजेलिस्ता व जोव्हानी आम्ब्रोजो दे प्रेदिस हे स्थानिक चित्रकार भाऊ. मंडळाची प्रार्थनाघुमटी सान फ्रान्चेस्को ग्रांदे या फ्रान्सिस्कन चर्चमध्ये होती. तिथल्या वेदीमागे उभी करायची भव्य कोरीव लाकडी चौकट जाकोमो देल माइनो याने आधीच करून दिली होती. तिला सोन्याचा मुलामा देणे, तिच्यातल्या कोरीव आकृती रंगवणे आणि मोकळ्या जागांसाठी सपाट चित्रे करणे, एवढे मिळून काम होते. मोबदला ८०० लिरे. १ मेला १०० आणि जुलैपासून दरमहा ४०, वर काम पूर्ण झाल्यावर ठरवायची बक्षिसी. मुदत त्याच वर्षीच्या ८ डिसेंबरची, कारण तो मंडळाच्या सणाचा दिवस. पणजीच्या मोठ्या पायऱ्यांच्या चर्चचे फेस्त दरवर्षी ज्या दिवशी असते, तोच हा दिवस.

करारासोबतची यादी वाचण्यासारखी आहे. मारियेचा झगा सोनेरी जरीकामाचा आणि लाजवर्दी निळा हवा. आकाशातल्या पित्याचा झगाही तसाच. डोंगर आणि खडक तेलरंगात, अनेक छटांत. मधल्या फलकावर मारिया, बाळ, देवदूत आणि दोन संदेष्टे. दोन्ही बाजूंच्या फलकांवर गाणारे-वाजवणारे प्रत्येकी चार देवदूत. यावरून ‘लिओनार्दोने करार धाब्यावर बसवला’ असे सर्रास लिहिले जाते. त्यात अर्धेच तथ्य आहे. यादीतल्या बऱ्याच ओळी कोरीव आकृतींच्या रंगकामाबद्दल आहेत, आणि जरीच्या झग्याची ओळ मधल्या चित्रापेक्षा लाकडी मूर्तीला अधिक लागू पडते. पण मधल्या फलकावर संदेष्टे नाहीत, देवदूत एकच आहे आणि न सांगितलेला बाळ योहान आला आहे, हा बदल खरा. लोक ज्या खडकांना लिओनार्दोची अजब लहर समजतात, त्या खडकांचा उल्लेख मात्र यादीतच आहे.

काम मुदतीत झाले नाही. आठ महिन्यांत एवढी चौकट सोन्याने मढवून, वर चित्रे रंगवून देणे तिघांच्याही आवाक्याबाहेरचे होते. नुसत्या मुलाम्याचा विचार करा. लाकडावर सरस आणि जिप्समचे थरावर थर द्यायचे, प्रत्येक थर वाळू द्यायचा, घासून गुळगुळीत करायचा, त्यावर लालसर मातीचा पातळ लेप, मग ओल्या लेपावर सोन्याचा वर्ख आणि शेवटी घोटणी. घाई केली तर खालचा थर ओला राहतो आणि वर्ख भेगाळतो. खर्चाचा मोठा वाटा इथेच जातो, आणि भांडणाचे मूळही इथेच आहे.

एव्हांजेलिस्ता १४९० च्या अखेरीस किंवा पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला वारला. त्यानंतर केव्हातरी, १४९० च्या दशकाच्या पहिल्या काही वर्षांत, लिओनार्दो आणि आम्ब्रोजो यांनी मिलानच्या सत्ताधीशाकडे अर्ज केला. त्यांचे म्हणणे असे: ८०० लिरे चौकटीवरच संपले. तेलरंगातले मारियेचे चित्र एकट्याने १०० दुकात किमतीचे आहे, आणि तेवढे देऊन घ्यायला गिऱ्हाईक तयार आहे. मंडळ मात्र २५ दुकात देऊ करते. (एका दुकाताला साधारण चार लिरे धरावे.) मंडळाच्या लोकांना यातले कळत नाही, आंधळा रंगांची पारख करू शकत नाही, असे अर्जात सरळ लिहिले आहे. मागणी दोनच: जाणकारांकडून किंमत ठरवून घ्या, नाहीतर चित्र आम्हाला परत द्या.

साऱ्या प्रकरणातला कळीचा कागद हाच. चित्र परत मागितले जात होते आणि बाहेर खरेदीदार उभा होता, हे दोन्ही त्यात स्पष्ट आहे. यातून सर्वांत सरळ अनुमान निघते ते असे: पहिले चित्र, म्हणजे आजचे लूव्ह्रमधले, या सुमारास दुसरीकडे विकले गेले आणि मंडळासाठी त्याच्या जागी दुसरे सुरू झाले. खरेदीदार कोण यावर मतभेद आहेत. मिलानचा सत्ताधीश लुदोविको स्फोर्झा याने लिओनार्दोकडून करवून घेतलेले एक वेदीचित्र पवित्र रोमन सम्राटाला भेट म्हणून पाठवले, असे जुने चरित्रकार लिहितात. लुदोविकोची पुतणी बिआंका मारिया हिचे त्याच सम्राटाशी, माक्सिमिलियानशी, लग्न १४९३ मध्ये ठरले, ते वर्ष या कथेत नेमके बसते. काही जण फ्रान्सच्या बाराव्या लुईचे नाव घेतात. लूव्ह्रच्या चित्राची पहिली पक्की नोंद १६२५ ची आहे. कास्सियानो दाल पोझ्झो याने ते फोंतेनब्लोच्या राजवाड्यात पाहिले. मधल्या शतकाहून जास्त काळात ते कोणत्या वाटेने फ्रान्सला पोचले, हा या प्रकरणातला मोठा रिकामा तुकडा आहे.

लंडनच्या चित्राचा माग त्या मानाने अखंड आहे. मंडळ १७८१ मध्ये बरखास्त झाले, चित्र मिलानच्या एका धर्मादाय संस्थेकडे गेले, तिथून १७८५ मध्ये गॅव्हिन हॅमिल्टन या स्कॉटिश चित्रकार-व्यापाऱ्याने ते विकत घेऊन इंग्लंडला आणले आणि १८८० मध्ये नॅशनल गॅलरीने ९,००० गिनींना खरेदी केले. म्हणजे वेदीमागे उभे राहिलेले चित्र हेच, यात शंका नाही.

वाद एवढ्यावर मिटला नाही. १४९९ मध्ये फ्रेंचांनी मिलान घेतले आणि लिओनार्दो शहर सोडून गेला. आम्ब्रोजोने नव्या राजाकडे, बाराव्या लुईकडे, पुन्हा दाद मागितली. २७ एप्रिल १५०६ रोजी निवाडा झाला: काम अपूर्ण आहे, लिओनार्दोने दोन वर्षांत ते पुरे करावे, आणि मंडळाने २०० लिरे जादा द्यावेत. मागितले होते १०० दुकात, मिळाले त्याच्या निम्मे. ऑगस्ट १५०७ आणि ऑक्टोबर १५०८ अशा दोन हप्त्यांत शंभर-शंभर लिरे पोचले. म्हणजे आठ महिन्यांचे काम पंचवीस वर्षांनी बंद झाले. बाजूच्या आठ देवदूतांपैकी दोनच उरले आहेत, एक हिरव्या झग्यात, एक लाल, दोघेही वाद्य वाजवणारे आणि दोन्ही लिओनार्दोच्या हातचे नाहीत. तेही आता लंडनला आहेत.

‘काम अपूर्ण’ हा शेरा कागदोपत्री खोड नव्हती, हे लंडनच्या चित्रासमोर उभे राहिले की दिसते. येशूच्या पाठीला आधार देणारा देवदूताचा हात नुसता मांडून सोडलेला आहे. पॅरिसच्या चित्रात असा कच्चा भाग नाही. १५०८ चाच आणखी एक करारनामा आहे, ज्यात चित्राची नक्कल करण्यासाठी ते वेदीवरून काढायची परवानगी दिली आहे. त्यावरून ‘लंडनचे चित्र म्हणजे ती नक्कल’ असा समज पसरला. तो टिकत नाही. नक्कल करायला काढलेले चित्र वेदीवरचेच होते, आणि वेदीवरचे चित्र तर लंडनचेच.

ते नुसती नक्कल नाही याचा पुरावा रंगाखाली मिळाला. इथे जरा पद्धत समजून घ्यावी. पांढऱ्या अस्तरावर कोळशाने किंवा कार्बनच्या काळ्या रंगाने काढलेली रेघ अवरक्त किरण शोषून घेते, तर वरचे बरेचसे रंग त्या किरणांना वाट देतात. साधारण ९०० ते १,७०० नॅनोमीटरच्या पट्ट्यात कॅमेरा लावला की खालचे रेखाटन काळे उमटते. मर्यादाही आहेत. लोहयुक्त शाई या पट्ट्यात जवळजवळ नाहीशी होते, आणि वर काळा रंग जाड असेल तर खालचे काही दिसत नाही. या चित्रात गुहेच्या सावल्या नेमक्या तशा आहेत. २००५ मध्ये नॅशनल गॅलरीने या पद्धतीने पाहिले तेव्हा वेगळीच मारिया सापडली: गुडघे टेकलेली, एक हात छातीशी, दुसरा बाहेर पसरलेला. बाळाची आराधना करणाऱ्या मारियेची ही मांडणी न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातल्या लिओनार्दोच्या रेखाटनांशी नाते सांगते.

२०१९ मध्ये त्यांनी क्ष-किरणांनी मूलद्रव्यांचा नकाशा काढण्याची पद्धत वापरली. रेखाटनाच्या द्रव्यात थोडे जस्त होते, म्हणून जस्ताचा नकाशा काढताच अवरक्तात न दिसलेल्या रेघा समोर आल्या. या पहिल्या मांडणीत देवदूत आणि येशू बरेच वरच्या जागी होते आणि देवदूत बाळाला घट्ट धरून खाली त्याच्याकडे पाहत होता. ती सोडून देऊन लिओनार्दोने ओळखीची मांडणी पुन्हा आखली, आणि त्यातही येशूचे डोके वळवून बाजूने दिसेल असे केले, देवदूताच्या काही बटा काढून टाकल्या. अस्तर थापताना उमटलेले हाताचे ठसेही तपासणीत सापडले, लिओनार्दोचे किंवा त्याच्या सहायकाचे.

नुसती नक्कल करणारा असे करत नाही. तो आखीव रेघेवरून जातो. दुसऱ्या फलकावर लिओनार्दोला नवे चित्र करायचे होते आणि तो जुन्यावर परतला, एवढे रेखाटन सांगते. का परतला? ठरलेलेच चित्र हवे असा मंडळाचा आग्रह हे मला सर्वांत पटणारे कारण वाटते. ज्यांनी दहा वर्षे वेदीसाठी वाट पाहिली, त्यांना नवा प्रयोग नको असणार.

आता आशय. बाळ योहान आणि बाळ येशू यांची वाळवंटातली भेट बायबलच्या चार शुभवर्तमानांत नाही. ती मिसर देशाकडे पलायन करतानाच्या लोककथांतून आलेली. दुसऱ्या शतकातल्या एका ग्रंथात हेरोदाच्या सैनिकांपासून पळणाऱ्या योहानाच्या आईला, अलीशिबेला, आणि बाळ योहानाला डोंगर दुभंगून पोटात घेतो, अशी कथा आहे. गुहेचा धागा तिथे जुळतो. दुसरा धागा बायबलमधल्या ‘गीतरत्ना’तल्या खडकाच्या कपारीतल्या कबुतराचा, मारियेच्या शुद्धतेसाठी ते वर्णन मध्ययुगापासून वापरले जाई. मारिया मूळ पापाच्या डागाशिवाय गर्भात आली, या मताचा फ्रान्सिस्कन साधू हिरिरीने पुरस्कार करत, डॉमिनिकन विरोध करत. चौथ्या सिक्स्टस पोपने १४७० च्या दशकात या सणाला मान्यता दिली, तरी मताला अधिकृत सिद्धांताचा दर्जा १८५४ मध्येच मिळाला. म्हणजे करार झाला तेव्हा हे कसे रंगवावे याचा ठरलेला साचाच नव्हता. माणसाने न घडवलेली, अस्पर्श गुहा हे लिओनार्दोचे त्यावरचे उत्तर म्हणून पाहिले तर चित्र बरेच उलगडते.

गुप्त संदेशाच्या गोष्टी बहुतेक ‘द दा विंची कोड’ या गाजलेल्या कादंबरीमुळे पसरल्या. चित्र जोगिणींनी (नन्सनी) सांगितले, देवदूताचा हात गळा कापण्याची खूण आहे, हात जोडणारा येशू आणि आशीर्वाद देणारा योहान आहे, म्हणून घाबरून सौम्य चित्र करून घेतले, असा तो मजकूर. हे मंडळ जोगिणींचे नव्हते, प्रापंचिक गृहस्थांचे होते. आणि पंचवीस वर्षांच्या भांडणाचे जे कागद उरले आहेत, त्यांत पैसा आहे, मुदत आहे, अपुरेपणा आहे. चित्राच्या आशयाबद्दल एकही तक्रार नाही. बाळांची अदलाबदल मात्र प्रामाणिकपणे होऊ शकते, कारण लूव्ह्रच्या चित्रात ओळखीची खूणच नाही आणि योहान मारियेला बिलगून आहे. रोखलेले बोट त्याच्याकडे लक्ष वेधते, कारण फ्रान्सिस्कनांना योहान जवळचा होता. लंडनच्या चित्रात पुढे कोणीतरी क्रूस आणि वलये घातली, ती बहुधा हाच गोंधळ टाळायला.

लिओनार्दोचा हात किती, यावर दोन्हीकडून जोरदार मुद्दे आहेत. भूशास्त्रज्ञ अ‍ॅन पिझ्झोरुस्सो यांनी दाखवले की लूव्ह्रच्या गुहेत झिजलेला वालुकाश्म आणि त्यात घुसलेला कठीण अग्निजन्य खडक वेगवेगळे ओळखता येतात, आणि झाडे जिथे माती धरेल अशा मऊ खडकावरच उगवली आहेत. लंडनचे खडक तसे वाचता येत नाहीत, आणि त्यातली फुलेही निसर्गात जुळत नाहीत. निरीक्षण अचूक आहे. त्यावरून ‘लंडनचे चित्र लिओनार्दोचे नाही’ असा निष्कर्ष काढणे मला घाईचे वाटते. पार्श्वभूमी आणि झाडे सहायकांकडे देणे त्या काळच्या चित्रकारांच्या कार्यशाळेत रोजचे होते. देवदूताच्या वस्त्राच्या चुण्यांचा लिओनार्दोने केलेला अभ्यास इंग्लंडच्या राजघराण्याच्या विंडसर संग्रहात आहे, तो लंडनच्या चित्राशी जुळतो. लूव्ह्रच्या देवदूताच्या चेहऱ्याचा रुपेरी सुईने काढलेला अभ्यास तुरिनला आहे. दोन्ही चित्रांसाठी त्याने स्वतः तयारी केली, हे या दोन कागदांवरून ठरते.

फोटो पाहून दोन्ही चित्रांच्या रंगांची तुलना करताना एक सावधगिरी हवी. लंडनचे चित्र अजून पॉप्लरच्या मूळ फलकावर आहे. १९४८-४९ च्या सफाईनंतरचे वार्निश खराब झाल्यामुळे २००८ ते २०१० मध्ये ते पुन्हा साफ केले गेले. त्यामुळे ते थंड, निळसर, स्वच्छ दिसते. लूव्ह्रच्या चित्राच्या उबदार सोनेरीपणात जुन्या वार्निशचा वाटा आहे. शिवाय १८०६ मध्ये ते लाकडावरून काढून कापडावर चढवले गेले. त्या काळची रीत अशी: चित्राच्या दर्शनी बाजूला कागद-कापड सरसाने चिकटवायचे, चित्र पालथे करायचे, मागचे लाकूड करवत आणि रंध्याने उतरवत आणायचे, उरलेले अस्तर ओले करून खरवडायचे आणि रंगाच्या पापुद्र्यामागे नवे कापड बसवायचे. किडलेल्या फलकांना त्याने जीवदान मिळाले, पण मूळ पृष्ठ थोडे दबते, विणीचा पोत वर येतो आणि फलकाबरोबरचा मागच्या बाजूचा पुरावा कायमचा जातो. लंडनच्या फलकाचाही वर्षवलयांनी काळ ठरवता येईल अशी आशा नको. पॉप्लरची वलये त्या कामाला अपुरी पडतात. म्हणून तारखांसाठी कागदपत्रे आणि रेखाटनशैली यांवरच भिस्त आहे.

दोन्ही चित्रे नॅशनल गॅलरीतल्या २०११-१२ च्या प्रदर्शनात प्रथमच एका दालनात समोरासमोर लागली होती. आता पाहायची तर दोन शहरे करावी लागतात. लंडनला प्रवेश मोफत आहे. आधी ते पाहावे, देवदूताच्या अपुऱ्या हातापासून सुरुवात करून मग येशूच्या चेहऱ्याकडे जावे, कारण पुरे केलेले आणि सोडून दिलेले एकाच नजरेत येते. पॅरिसला चित्रावर पडणाऱ्या प्रतिबिंबांमुळे समोरून कमी दिसते, तेव्हा किंचित बाजूला सरकून उभे राहावे आणि मारियेच्या गालावरून गळ्याकडे जाणारी सावली पाहावी. लूव्ह्रमधल्या लिओनार्दोच्या सात चित्रांवरच्या २०१० च्या क्ष-किरण अभ्यासात अशा सावल्यांतले काही थर एक-दोन मायक्रोमीटर इतके पातळ आणि सर्व मिळून तीस-चाळीस मायक्रोमीटरचे आढळले. या सातांत हे चित्रही होते.